रिकाम्या रकान्याचं पान

मी मार्गदर्शिका लिहितो. काय करता असं कोणी विचारलं की एवढंच सांगतो. मग समोरचा विचारतो, "म्हणजे दहावीच्या गाइडा?" तुमसरात गाइड म्हटलं की दहावीचंच. मी नाही म्हणतो, पुढे समजावून सांगू लागतो, आणि बहुतेक लोक तेवढ्यात चहा मागवतात.

त्याआधी बरीच वर्षं मी तालुक्यातल्या एका खासगी दूध डेअरीत हिशेबाला होतो. गावोगावच्या सेंटरवरून सकाळ-संध्याकाळ दूध यायचं. त्याचे लिटर, त्याचं फॅट, गाडीचे फेरे, सगळं माझ्या टेबलावर. पुढे डेअरीने नागपूरच्या एका कंपनीकडून संगणकावरची व्यवस्था घेतली. तिला वर्कस्पेस म्हणतात. धंद्याच्या सगळ्या आकड्यांची एक खोलीच म्हणा ना. टेबलं तिथे, आलेख तिथे, आणि ज्याच्याजवळ किल्ली, म्हणजे अंकांचा एक गुप्त क्रमांक, आहे त्याने आत जाऊन पाहायचं. ही व्यवस्था समजून घेताना मी कंपनीच्या लोकांना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनीच मला कामावर घेतलं. घरी बसून काम. आमच्याकडे धानाच्या कोठ्या ठेवायची एक खोली होती. शेती ठोक्याने, म्हणजे दुसऱ्याला कसायला, दिल्यापासून ती रिकामीच होती. तिथे मी टेबल टाकलं.

कंपनीने नंतर एक नवं साधन बनवलं. आतापर्यंत आकड्यांच्या त्या खोलीत माणूस जात होता, आता एआय एजंटही जाऊ शकणार होता. तुम्ही साध्या मराठीत विचारायचं, "मागच्या महिन्यात कोणत्या सेंटरचं फॅट उतरलं?" एजंट या साधनाच्या मार्फत आत जातो, कोणती टेबलं आहेत ते पाहतो, रकान्यांची नावं वाचतो, हवे ते आकडे मागतो, गणित करतो आणि उत्तर आणून देतो. साधन म्हणजे दारावरचा माणूस. एजंटला कुठवर सोडायचं, काय हातात द्यायचं आणि काय द्यायचं नाही, हे त्याच्याकडे. या साधनाची पूर्ण मार्गदर्शिका मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण कंपनीची बरीच गिऱ्हाइकं आमच्याच भागातली, राइस मिलवाले आणि दूधवाले.

माझा एक नियम आहे. स्वतः करून पाहिल्याशिवाय वाक्य लिहायचं नाही. "हे बटण दाबा, यादी उघडेल" असं लिहायचं तर आधी बटण दाबायचं आणि यादी उघडलेली पाहायची. मग बाहेर पडून पुन्हा दाबायचं. एकदा उघडली म्हणून दरवेळी उघडेलच असं काही नसतं.

"सकाळपासून तेच दार उघडून बंद करून राहिले तुम्ही," बायको मागे येऊन म्हणाली. "दाराले तरी कटाळा आला असंल."

"आता एकदा चुकीची किल्ली टाकून पाहायची आहे."

"ते कायले?"

"चुकीची टाकल्यावर काय होते, तेही लिहावं लागते."

"लोकं चुकीची कायले टाकतील?"

"तू परवा गॅसवाल्याले चुकीचा नंबर काहून सांगितला?"

ती आत निघून गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातूनच आवाज आला, "माझं नाव पुस्तकात टाकू नका."

नाव टाकलं नाही. पण "नकार आला तर किल्लीतले शेवटचे अंक पुन्हा तपासा" ही ओळ तिच्यामुळेच आली.

हे साधन सर्वांत आधी ज्यांना द्यायचं ठरलं, ती माझीच जुनी डेअरी निघाली. तिथले आताचे मालक म्हणजे थोरल्या मालकांचे चिरंजीव. माझ्याहून थोडे लहान, मनाने मोकळे, पण घाईचे. त्यांचाच फोन आला.

"भाऊ, गाड्यांचं डिझेल परवडून नाही राहिलं. एक सेंटर बंद करावं लागते. कोणतं, ते मी ठरवलं तं भांडणं होतात. इकडून मेहुणा ओढते, तिकडून सरपंच. आता तुमचा एजंट ठरवंल. त्याले ना मेहुणा, ना सरपंच."

"एजंट ठरवत नाही. तो आकडे देतो."

"तेच ते."

"तेच ते नाही," मी म्हणालो, पण तिकडून फोन ठेवला होता.

आता इथे सांगायला हवं की नाकाडोंगरीचं सेंटर माझी मोठी बहीण चालवते. विहाराला लागून एक खोली आहे. त्यात फॅट काढायचं मशीन, वजनकाटा, कॅन आणि एक संगणक. भाऊजी चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झाले आणि आता तिच्या हाताखाली कॅन धुतात, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. सेंटर सुरू झालं तेव्हा ताईने जंगलाच्या बाजूच्या टोल्यांवर, म्हणजे छोट्या वाड्यांवर, घरोघरी जाऊन बायांना जनावरं घ्यायला लावली. कोणाकडे एक म्हैस, कोणाकडे दोन गाई. त्या बाया बादली घेऊन पायी येतात. सेंटर बंद झालं तर पुढचं सेंटर पायी जाण्यासारखं नाही. म्हणजे जनावरं विकली जाणार, आणि घ्यायला लावली कोणी, तर ताईने. तिच्यासाठी प्रश्न एका खोलीचा नव्हता. त्या सगळ्या उंबरठ्यांवर तिला पुन्हा तोंड दाखवता येईल की नाही, हा होता.

मालकांचा फोन येऊन गेला त्याच दिवशी मी नागपूरला आमच्या मॅडमना कळवलं. साधन बनवणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, मला काका म्हणतात.

"सांगितलं ते चांगलं केलं, काका," त्या म्हणाल्या. "मग असं करा. डेअरीच्या निकालात तुम्ही बोट घालायचं नाही. डेअरीचे लोक तुमची मार्गदर्शिका वाचून स्वतः साधन जोडतील, स्वतः विचारतील. तुम्ही फक्त लिहा."

मला तेच हवं होतं. ताईला मात्र गाडीच्या ड्रायव्हरकडून बातमी आधीच गेली होती.

"काय रे बाबू, माझं सेंटर बंद करायची मशीन बनवून राहिला म्हणते तू?"

"मी बनवत नाही, ताई. मी लिहितो."

"काय लिहितो? बंद करा म्हणून?"

"कसं वापरायचं, ते."

"मंग लिही ना, नाकाडोंगरीले हात लावू नका म्हणून."

"असं लिहिता येत नाही."

"कोण म्हणते?"

"मीच म्हणतो."

तिने हातातला कॅन खाली आदळला. मग ती म्हणाली, "लहानपणापासून असाच आहे तू," आणि फोन ठेवला. ही तक्रार होती की पावती, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही.

डेअरीच्या परवानगीने मला तिच्या आकड्यांची एक प्रत सरावासाठी मिळाली होती. एजंटला प्रश्न कसा विचारायचा, या पानासाठी उदाहरण हवं होतं. डेअरीवाले जे विचारणार तेच घ्यावं, म्हणून मी विचारलं, "मागच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक सेंटरवर एका पाळीला सरासरी किती दूध आलं? कमीपासून जास्तीकडे लावा." पाळी म्हणजे सकाळची एक, संध्याकाळची एक.

उत्तर झटक्यात आलं. पहिल्याच ओळीत, म्हणजे सर्वांत कमी, नाकाडोंगरी.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मी डेअरीत असताना नाकाडोंगरीचे कॅन रिकामे आलेले मला आठवत नव्हते. पण आठवण म्हणजे आकडा नाही, आणि शिवाय मी भाऊ. मॅडमना फोन करून "माझ्या बहिणीचा आकडा कमी वाटतो" असं म्हटलं असतं, तर त्यांच्या जागी मी काय समजलो असतो? मी फोन केला नाही. उदाहरणही बदललं नाही. जेवलो आणि पुढच्या पानाला लागलो.

पुढचं पान होतं, "साधन एजंटला काय काय देतं". टेबलातल्या एका रकान्यात आकडा असू शकतो, तारीख असू शकते, अक्षरं असू शकतात आणि काहीच नसू शकतं. यातलं प्रत्येक एजंटपर्यंत कसं पोचतं, हे लिहायचं होतं. आकडा करून पाहिला. तारीख पाहिली. अक्षरं पाहिली. उरला रिकामा रकाना. त्यासाठी मला माझं स्वतःचं, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत माहीत असलेलं टेबल हवं होतं.

ते स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेलं होतं. आमच्याकडे गवळी रोज दूध टाकतो आणि बायको कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहिते. मी एक महिना उतरवून घेतला. त्यात मधले चार दिवस आम्ही गोंदियाला लग्नाला गेलो होतो. त्या चौकटी कोऱ्या. एक दिवस गवळी नुसता सांगायला आला होता की म्हशीने लाथ मारून भांडं सांडलं. तिथे बायकोने शून्य लिहिलं होतं. बाकी रोज दीड लिटर. मी एजंटला विचारलं, "गवळ्याकडून रोज सरासरी किती दूध येतं?"

उत्तर कमी आलं. मी कागदावर करून पाहिलं. पुन्हा केलं. मग एजंटला म्हटलं, तुझ्यासमोर आलेल्या सगळ्या ओळी जशाच्या तशा दाखव. लग्नाच्या चारही दिवसांसमोर शून्य होतं.

मी बायकोला हाक मारली आणि दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं.

"आपण लग्नाले गेलो होतो," ती म्हणाली. "मीच त्याले नको टाकू म्हटलं होतं. त्याचं खापर गवळ्यावर कायले?"

"एजंटवर रागावू नको. त्याच्यासमोर शून्यच ठेवलं."

"कोणं ठेवलं?"

दारावरच्या माणसाने ठेवलं होतं. साधन रिकामा रकाना उचलत होतं आणि जाता जाता त्यात शून्य टाकून एजंटच्या हातात देत होतं.

मग मला डेअरीची रीत आठवली. थोरल्या मालकांनी घालून दिलेली, इतकी जुनी की ती कुठे लिहिलेली नव्हती. सेंटर उघडं आहे आणि दूध आलं नाही, तर शून्य लिहायचं. सेंटरच बंद आहे, तर रकाना कोरा सोडायचा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे तोंडी सांगितलं जायचं आणि मग कोणाला पुन्हा सांगावं लागत नसे. आता नाकाडोंगरीकडे रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या, दिवसांत संध्याकाळचं चित्र असं असतं: बाया अंधार पडेपर्यंत धानाच्या बांधीत वाकलेल्या, हातात पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या. ताईसुद्धा त्यांच्यातच. संध्याकाळी दूध घेऊन कोणी येत नाही, निघेल ते वासराला आणि घराला. म्हणून त्या दिवसांत तिथे संध्याकाळी सेंटर उघडतच नाही. सडकेवरच्या मोठ्या गावांत तसं नाही. तिथे घरी कोणी ना कोणी असतं, सेंटर चालू राहतं.

आठ पाळ्या धरा. चार पाळ्यांना साठ साठ लिटर आलं आणि चार पाळ्या सेंटर बंद. सरासरी साठ. बंदच्या जागी शून्य टाकलं की तीस. दूध तेच, बाया त्याच, म्हशी त्याच.

"मंग ताईंचा खरा आकडा किती होते?" बायकोने विचारलं.

"माहीत नाही."

"काढून तं पाहा."

"नाही काढणार. तेवढं बोट घालायचं नाही असं ठरलं आहे."

"अवो, तुमच्या मनाले तरी कळंल."

"मनाले कळलं की लिहिताना हाताले कळते."

ती आत गेली. पण त्या दिवशी चहा तिने न मागता दिला.

मॅडमना मी फक्त आमच्या घरच्या दुधाचं टेबल पाठवलं. शेवटी एक ओळ लिहिली: "याचा परिणाम माझ्या बहिणीच्या सेंटरवरही होऊ शकतो, कसा आणि किती ते मी पाहिलेलं नाही, पण सांगून ठेवतो."

त्यांचा फोन आला. "काका, हे आम्हाला माहीत आहे. सुरुवातीला रिकामा रकाना आला की एजंट अडखळायचा, उत्तरच द्यायचा नाही. म्हणून शून्य भरायचं ठरवलं. तुम्ही शेवटी एक छोटी टीप टाकून द्या ना."

"टीप कोणी वाचते का?"

"नाही वाचत," त्या हसल्या. "म्हणून तर टीप."

मी टीप लिहिली नाही, पान लिहिलं. अगदी साधं. मला ते अजून तोंडपाठ आहे: "हे साधन बंद आणि शून्य यांत फरक करत नाही. तुमचं दुकान चार दिवस बंद असेल तर ते चार दिवस तुमचा धंदा झाला नाही असं एजंट समजेल. म्हणून या साधनातून सरासरी विचारू नये. विचारलीच तर तिच्यावरून कोणाचं काही बंद करू नये." खाली आमच्या गवळ्याचं उदाहरण, लग्नासकट.

या वेळी फोन लगेच आला.

"काका, हे असं छापायचं? गिऱ्हाईक पळून जाईल ना!"

"त्यात चुकीचं काय आहे तेवढं सांगा. मी काढून टाकतो."

त्यांनी ते पान फोनवरच पुन्हा मोठ्याने वाचलं. "चुकीचं काही नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "तोच तर प्रॉब्लेम आहे."

"मग पान बदलायचं की साधन?"

त्यांनी साधन बदललं. रिकामा रकाना आता एजंटकडे "नोंद नाही" म्हणूनच जाऊ लागला. माझ्या आणखी दोन मागण्या होत्या. एक, सरासरी सांगताना ती किती नोंदींवरून काढली हे एजंटला मिळालंच पाहिजे, म्हणजे तो ते सांगू शकेल. दुसरी, प्रत्येक वर्कस्पेसमध्ये एक माहितीचं पान असावं, जे एजंट पहिल्या प्रश्नाआधी वाचेल: तुमच्याकडे सुट्टी केव्हा, बंद केव्हा, रिकामं सोडता ते कोणत्या अर्थाने.

"काका, तुम्ही मार्गदर्शिका लिहून राहिले की आम्हाला कामाला लावून राहिले?"

"तुम्ही बदललं ते माझ्या बहिणीसाठी, असं कोणी म्हणू नये, एवढंच."

"बदलाच्या नोंदीत मी कारण लिहिलं आहे: काकांच्या घरचं दूध."

डेअरीत साधन जोडायच्या दिवशी मीही गेलो. बसायचं, पाहायचं, कोणत्या ओळीवर माणूस अडतो ते टिपायचं आणि तोंड उघडायचं नाही, अशी मॅडमची अट होती. माझ्या जागी आता हिशेबाला एक बाई आहेत. त्यांनी माझी मार्गदर्शिका छापून समोर ठेवली आणि शाळेतल्यासारखी मोठ्याने वाचत एकेक पायरी केली. मालक शेजारी खुर्चीत पाय हलवत बसले होते. मी दाराजवळच्या बाकावर.

किल्ली टाकली आणि नकार आला.

"झालं!" मालक म्हणाले. "भाऊ, तुमचं यंत्र दारातच अडलं."

मी बाकाची कड धरून बसलो. बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. "नकार आला तर किल्लीतले शेवटचे अंक पुन्हा तपासा." तपासले. एक अंक उलटा पडला होता. दार उघडलं. घरी बसलेल्या बायकोला हे सांगावंसं मला तिथल्या तिथे वाटलं.

पुढे माहितीचं पान आलं. बाईंनी वाचलं, "तुमच्या टेबलात रकाना रिकामा सोडला असेल तर तो कशासाठी, ते इथे लिहा."

"लिहा ना," मालक म्हणाले. "रिकामा म्हणजे दूध नाही आलं."

बाईंची बोटं कळफलकावर गेली. उत्तर मला माहीत होतं, मालकांच्या वडिलांनी मला स्वतः सांगितलं होतं, आणि मला बोलायचं नव्हतं. तेवढ्यात बाईंनी पुढची ओळ वाचली, कारण त्या ओळ सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "अंदाजाने लिहू नका. ज्या माणसाने रकाना रिकामा सोडला, त्याला विचारून लिहा."

"आता सगळ्यांले विचारत बसू का?" मालक वैतागले. "सर्वांत जास्त रिकामं कोणाचं आहे?"

बाईंनी पाहिलं. "नाकाडोंगरी."

मालकांनी फोन लावला आणि टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मी तिथे बसलो आहे हे ताईला माहीत नव्हतं.

"बाई, मी डेअरीतून बोलतो. रोवणीच्या दिवसात संध्याकाळचा रकाना तुम्ही रिकामा काहून सोडला?"

"सेंटर बंद राहते म्हणून."

"दूध नाही आलं तं शून्य लिहा ना."

"शून्य कायले लिहू? शून्य म्हणजे मी उघडून बसलो आणि कोणी नाही आलं. मी तं बांधीत होतो. सगळ्या बाया बांधीत होत्या. कुलूप लावलं त्याले शून्य म्हणत नाहीत."

"हे कोणं सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या बाबूजीनं! सेंटर दिलं त्याच दिवशी. तुम्ही तवा बाजूच्या खुर्चीत बसून पेरू खाऊन राहिले होते."

हिशेबाच्या बाईंनी तोंडावर पदर धरला. मालकांना इतकं हसू आलं की फोन उलटा पडला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "बाबूजी असंच सांगत होते. लिहा बाई, रिकामा म्हणजे सेंटर बंद."

बाईंनी लिहिलं. मग प्रश्न टाकला, तोच, माझ्या मार्गदर्शिकेतला. कमीपासून जास्तीकडे.

त्या वरून वाचू लागल्या. पहिलं नाव मालकांच्या मेहुण्याच्या सेंटरचं. मालकांनी डोळे मिटून घेतले. दुसरं नाव, तिसरं, चौथं. बाई पडदा खाली खाली सरकवत होत्या आणि मी मनात नावं मोजत होतो. नाकाडोंगरी आलं तेव्हा यादी अर्ध्याच्या बरीच पुढे गेली होती. समोर एजंटने लिहिलं होतं, की ही सरासरी इतक्याच पाळ्यांवरून काढली आहे, उरलेल्या संध्याकाळी केंद्र बंद असल्याने धरलेल्या नाहीत.

मी बाकावरच होतो. पण खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला आणि तो पुसायची काही गरज नव्हती.

मालक मात्र त्या शेवटच्या ओळीवर अडकले होते. "थांबा," ते म्हणाले. "संध्याकाळी सेंटर बंद होतं, मंग गाडी काय करून राहिली होती? विचारा बरं."

एजंटने गाडीच्या फेऱ्यांचं टेबल उघडलं आणि दोन्ही टेबलांतल्या तारखा शेजारी शेजारी लावल्या. गाडी दर संध्याकाळी जात होती. कुलपापर्यंत जायची आणि परत यायची. कोणाची लबाडी नव्हती, तसा हुकूमच होता: दोन पाळ्या, दोन फेरे. जंगलाकडची आणखीही काही सेंटरं रोवणीत तशीच बंद असायची. गाडी तिथेही जायची. जोवर बंदच्या जागी शून्य दिसत होतं तोवर सेंटरच कमी पडतं असं वाटलं असतं. आता दिसलं की जास्त होते ते गाडीचे फेरे.

"सेंटर कायले बंद करू?" मालक म्हणाले. "फेरेच बंद करतो ना. रोवणीत जिथे संध्याकाळी कुलूप, तिथे गाडी जाणार नाही."

"आणि ते पहिलं नाव?" बाईंनी विचारलं.

"त्याच्या घरी मी जेवायले जातो आणि पाहतो," ते म्हणाले.

त्या वर्षी एकही सेंटर बंद झालं नाही.

मी डेअरीच्या बाहेर येऊन आधी मॅडमना सांगितलं. त्यांनी फोनवर आपल्या सगळ्या गटाला ओरडून सांगितलं, ते मला इकडे ऐकू आलं. मग ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू काहीच नाही केलं?"

"काहीच नाही. मी बाकावर बसलो होतो."

"आणि माझं फोनवरचं सगळं ऐकत होता?"

"हो."

"पेरूचं जास्त झालं का रे?"

"नाही," मी म्हणालो. "पेरू बरोबर होता."

रिकाम्या रकान्याचं ते पान आता मार्गदर्शिकेत अगदी सुरुवातीला आहे, किल्लीच्याही आधी. मजकूर अर्थात बदलला, साधनच बदललं. पण गवळी आणि लग्न तसंच आहे. राइस मिलवाल्यांनी ते वाचून आपल्या माहितीच्या पानात हंगाम नसलेले महिने लिहिले. एका वीटभट्टीवाल्याने पावसाळा लिहिला. कंपनीची इंग्रजी मार्गदर्शिका दुसरे लोक लिहितात आणि एरवी तिकडची पानं मराठीत आणायला माझ्याकडे येतात. हे पान मराठीतून तिकडे गेलं. मॅडमनी पाठवलं तेव्हा मी बायकोला इंग्रजी पान दाखवलं. तिने आपला गवळी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं. मग त्याच संध्याकाळी गवळ्यालाही सांगितलं. तेव्हापासून तो माप जरा जास्तच भरून देतो.

या रोवणीला मी नाकाडोंगरीला गेलो होतो. संध्याकाळच्या पाळीची वेळ. विहाराच्या बाजूची खोली कुलूपबंद, पायरीवर कॅन पालथे घालून ठेवलेले. गाडी येण्याच्या वेळी मी सडकेकडे पाहिलं. गाडी आली नाही. समोरच्या बांध्यांत बाया ओळीने वाकलेल्या होत्या आणि कोणीतरी कोणाला तरी मोठ्याने चिडवत होतं. थोड्या वेळाने ताई बांधावरून आली, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर टॉवेल.

"काहून आला रे? सेंटर बंद आहे."

"दिसते."

"मंग?"

"तेच पाहाले आलो होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. "चाल, पाय धुतो आणि चहा मांडतो," ती म्हणाली, आणि आम्ही घराकडे निघालो.